सर्दी बरी झाली, पण व्हायरस टॉन्सिलमध्येच मुक्कामाला?

सर्दी-खोकला आठवडाभरात बरा झाला की व्हायरसही शरीरातून गेला, असं आपण धरून चालतो. पण दरवेळी तसं होत नाही.

गोष्ट १९५३ ची. अमेरिकेत वॉलेस रो आणि रॉबर्ट ह्युबनर हे संशोधक लहान मुलांच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या ॲडेनॉइड्सवर काम करत होते. ॲडेनॉइड्स म्हणजे नाकाच्या मागची, टॉन्सिलसारखीच गाठ. प्रयोगशाळेत ठेवलेल्या या पेशी काही दिवसांनी आपोआप मरायला लागल्या. बाहेरून कुणी काही टाकलं नव्हतं, व्हायरस आधीपासून आतच होता. पुढे त्याला नाव मिळालं ॲडेनोव्हायरस.

आता टॉन्सिलचं काम काय, तर घशाच्या दारात बसून जंतू ओळखणं. त्यासाठी तिथे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. आणि ॲडेनोव्हायरस लपतो तो नेमका याच पेशींमध्ये, मुख्यतः टी पेशींमध्ये. थोडक्यात, पोलीस चौकीतच चोर! तिथे तो फारसा न वाढता आपला डीएनए सांभाळून राहतो. गडबडच नाही, मग पकडणार कसं?

२०१२ मध्ये ब्राझीलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या १२१ मुलांचे नमुने तपासले. त्यांना तेव्हा सर्दी-तापाची लक्षणं नव्हती. तरीही ९७.५ टक्के मुलांमध्ये श्वसनाचा किमान एक तरी व्हायरस सापडला. कोविडच्या काळात तिथेच आणखी ४८ मुलांची तपासणी झाली. कोविडची लक्षणं नसतानाही १३ जणांमध्ये तो व्हायरस मिळाला.

पण थांबा, लगेच घाबरू नका. पीसीआर टेस्ट व्हायरसचा जनुकीय अंश शोधते. तो जिवंत आहे की नुसते अवशेष उरलेत, हे त्यावरून कळत नाही. शिवाय ही मुलं टॉन्सिलच्या जुन्या त्रासाची होती, त्यामुळे हा आकडा सगळ्या मुलांना लावता येत नाही.

म्हणून 'व्हायरस लपतो, तर टॉन्सिलच काढून टाका' हा सल्लाही चुकीचा. ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टर घसा वर्षात किती वेळा बिघडला, झोपेत श्वास अडकतो का, यावरून ठरवतात.

खरी काळजी असते ती बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांची. प्रतिकारशक्ती खाली गेली की दबून बसलेला ॲडेनोव्हायरस पुन्हा वाढतो आणि जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे अनेक ठिकाणी अशा मुलांचं रक्त ठराविक दिवसांनी तपासलं जातं, लक्षणं दिसायची वाट न बघता.