पत्र्यावरचा पाऊस आणि वर्गातील श्रवण

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्याच सुमारास सह्याद्रीच्या पायथ्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत पावसाची झड बसते. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली एकाच खोलीत दोन इयत्ता शिकत असतील, तर गुरुजींच्या तोंडून निघालेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेतो त्यातले काय उरते, याचा विचार प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी होणे अगत्याचे आहे.

बोलण्यातील स्वर सबळ, व्यंजने दुर्बल. आणि अर्थाचा निवाडा तर बहुधा व्यंजनांवरच होतो. सरीच्या आवाजात ‘कडी’ आणि ‘खडी’, ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतील भेद प्रथम बुडतो. बहुतेक मुले हरवलेला वर्ण संदर्भावरून भरून काढतात. परंतु काहींचे कान निर्दोष असूनही गोंगाटातून वाणी निवडून घेण्याचे मेंदूचे कार्य विस्कटते, आणि शांत खोलीत अचूक उत्तर देणारा विद्यार्थी वर्गात गोंधळलेला दिसतो.

१९५४ साली इटलीतील एत्तोरे बोक्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या कानशिलाकडील भागात गाठ असलेल्या रुग्णांची परीक्षा घेतली, तेव्हा साध्या श्रवणचाचणीत निर्दोष ठरलेल्या त्या रुग्णांना मुद्दाम अस्पष्ट केलेले शब्द मात्र, विशेषतः गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने, नीट कळेनात. मुलांत अशी गाठ क्वचितच आढळते. आणि गोंगाटात गोंधळणाऱ्या मुलांची ही श्रवणप्रक्रियेची अडचण स्वतंत्र विकार मानावी की अवधान व भाषा यांच्या अडचणींचाच एक पैलू, याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

आपल्याकडे गुंता अधिक आहे. कातकरी वा ठाकर वाडीवरून येणाऱ्या मुलाची घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी असते. शिवाय कान वाहत असेल तर ऐकणेच कमी होते. या दोहोंची खातरजमा केल्यावाचून मेंदूवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे. पण श्रवणप्रक्रियेच्या चाचण्या साधारणतः सात वर्षांखालील मुलांत विश्वासार्ह ठरत नाहीत, आणि मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला खोपोलीहून मुंबईची एक खेप म्हणजे दिवसाचा रोज बुडणे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही या अडचणीचा स्वतंत्र उल्लेख नाही. सबब दाखल्याची वाट न पाहता शिक्षकांनी आपल्या अखत्यारीतील इलाज आधी करावेत, असे मला आग्रहाने वाटते.

मुलाला खिडकीपासून दूर, फळ्यापाशी बसवावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने वाढते. ओरडू नये, कारण त्याने स्वर फुगतात आणि व्यंजने मागे राहतात. मुलाचे नाव घेऊन, तोंड त्याच्याकडे ठेवून एका वेळी एकच सूचना द्यावी, नवा शब्द फळ्यावर लिहावा. आणि ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळीच मुले ‘हो’ म्हणत असल्यामुळे, ‘काय करायचे ते सांग बघू’ असे विचारावे. भर पावसात घेतलेले आणि उघडिपीत घेतलेले श्रुतलेखन तारीख घालून एकाच वहीत ठेवले, तर चुका कोणत्या वर्णांवर आणि केव्हा वाढतात, हे पुढे श्रवणतज्ज्ञालाही त्या वहीवरून पाहता येते.