संडासातली हवा कोणीकडे जाते?

हा विषय चारचौघांत काढावयाचा नसतो, असे आपल्याकडे समजतात. पाहुण्यांना नवे घर दाखवताना दिवाणखाना, स्वयंपाकघर, गॅलरी सारे दाखवून होते. एका दाराकडे मात्र यजमान नुसता हात करतो आणि पुढे चालू लागतो. पण घरात पाऊल टाकल्याबरोबर पाहुण्याला जी गोष्ट कळते आणि जी तो सभ्यपणाने बोलून दाखवत नाही, ती पुष्कळदा त्या दारामागचीच असते. घरच्यांना ती कळत नाही. नाकाचा स्वभावच तसा आहे. एकच वास काही मिनिटे सतत येत राहिला की नाक त्याची दखल घ्यायचे सोडून देते. म्हणून "आमच्याकडे मुळीच वास येत नाही हो" या वाक्यावर फारसा विश्वास ठेवू नये. आठ दिवस गावाला जाऊन आल्यावर कुलूप उघडताना पहिल्या श्वासाला जे जाणवते, ते खरे.

आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न अंतराने सोडवला होता. 'परसाकडे जाणे' हा शब्दप्रयोगच पाहा. परस म्हणजे घराची मागची बाजू. पुण्याच्या वाड्यांतूनही टोपलीचे संडास राहत्या खोल्यांपासून दूर, मागच्या अंगाला असत. मधले अंतर आणि उघडे आकाश वासाचा बंदोबस्त करीत. त्या सोयीचा भार कोणाच्या डोक्यावरून वाहिला जात होता, हे मात्र विसरून चालणार नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, संडासाच्या सुधारणेचे काम हाती घेतले ते उगाच नव्हे.

फ्लॅटमध्ये संडास घराच्या पोटात आला. पन्नास पावलांच्या जागी सव्वा इंचाचे दार उरले. हे शक्य झाले ते एका वाकड्या नळीमुळे. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली तिचे पेटंट घेतले. भांड्याखालच्या त्या बाकात पाणी साचून राहते, आणि नळातली दुर्गंधी त्या पाण्याच्या पडद्यापलीकडे अडून बसते. शहरातल्या भांड्यांत हा पडदा साधारण ५० मिलिमीटर खोलीचा असतो. खेड्यांसाठी केलेल्या, कमी पाण्यात भागणाऱ्या भांड्यांत तो २० मिलिमीटर ठेवतात. म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे पाणी आपले घर आणि गटार यांच्यामध्ये पहारा करीत असते!

तेव्हा वास येऊ लागला की प्रथम पंखा विकत आणावयास धावू नये. हा पहारेकरी जागेवर आहे की नाही, ते पाहावे. भांड्यातले पाणी दिसते, त्यामुळे तिथे सहसा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो जमिनीवरच्या जाळीखाली. प्लंबर ज्याला 'नाहणी ट्रॅप' म्हणतात त्यातही असाच पाण्याचा पडदा असतो. ज्या संडासात फरशी रोज धुतली जात नाही, तिथे मे महिन्यात हे पाणी उडून जाते आणि गटाराची हवा सरळ वर येते. दुसरा प्रकार याहून सामान्य आहे. कचरा अडकतो म्हणून जाळीखालची ती उपडी वाटी सफाईच्या वेळी काढून ठेवतात, आणि ती पुन्हा बसतच नाही. पाणी झरझर जाते म्हणून सगळे खूष असतात. वास मात्र कुठून येतो, ते कोणाला कळत नाही. वाटी जागेवर ठेवावी, दोन दिवसांआड तांब्याभर पाणी ओतावे. महिनाभर घर बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाच्या थराखालचे पाणी लवकर उडत नाही.

एखाद्या घरात पाणी रोज ओततात, तरी वास हटत नाही. तिथे जरा गच्चीवर जाऊन यावे. संडासाचा उभा नळ गच्चीच्या वर काढून मोकळा ठेवलेला असतो. त्याचे काम दुहेरी आहे. नळातल्या वायूला वर वाट मिळते, आणि वरच्या मजल्यावर कोणी एकदम बादलीभर पाणी सोडले की मागोमाग लागणारी हवा त्या तोंडातून आत येते. हे तोंड बंद झाले तर खाली धावणारे पाणी हवा मिळेल तिथून, म्हणजे तुमच्या आमच्या भांड्यातून, ओढून घेते. 'गुडगुड' असा आवाज होऊन भांड्यातले पाणी खाली उतरले, तर ती खूण समजावी. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करताना गवंडी त्या नळाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबतो आणि तसाच निघून जातो. कधी टाकी बसवताना आड येतो म्हणून नळ वीतभर ठेवून कापतात. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या भाड्यावर तासभर वाद होतो. या नळाची चौकशी कोणी करीत नाही.

खेड्यात याच नळाचा दुसरा अवतार दिसतो. सेप्टिक टँकला वायुनळ हवाच, आणि त्याचे तोंड आसपासच्या खिडक्यांहून उंच हवे. शेजाऱ्याच्या माजघराच्या पातळीवर ठेवल्यास भांडण ठरलेले. तोंडाला बारीक जाळी बांधावी, नाहीतर आतले डास बाहेर पडतात. आळीपाळीने वापरावयाचे दोन शोषखड्डे असतील, तर मात्र नळाची गरज नसते. तिथला वायू भोवतालच्या मातीत मुरतो. आणि जिथे पाण्याचा पडदाच नाही, तिथे नुसत्या हवेवर काय साधते, हे झिंबाब्वेत १९७० च्या दशकात पीटर मॉर्गन यांनी दाखवले. खड्ड्याला जोडून एक उंच नळ. नळाच्या तोंडावरून वारा वाहिला की तो खालची हवा वर ओढतो, आणि तिची जागा घ्यायला ताजी हवा संडासाच्या भोकातून खाली उतरते. वास घरात नव्हे, आभाळात जातो. संडासाची खोली अंधारी ठेवावयाची, म्हणजे खड्ड्यातल्या माशा नळातल्या उजेडाकडे जातात आणि वरच्या जाळीत अडकून मरतात. एक पंखा नाही, विजेचा एक पैसा नाही.

या युक्तीत आपल्या विषयाचे सारे मर्म आले. वास घालवावयाचा म्हणजे हवा नुसती हलवावयाची नव्हे, तिला दिशा द्यावयाची. घरातून संडासात, आणि संडासातून बाहेर. याच्या उलट ती वाहू लागली, तर खिडकी जितकी मोठी तितका उपद्रव अधिक.

ती कशी वाहते, हे पाहण्यास एक उदबत्ती पुरे. संडासाचे दार लावून घ्यावे, घरातल्या इतर खिडक्या नेहमीप्रमाणे असू द्याव्या, आणि बाहेरच्या बाजूने दाराच्या खालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरावी. धूर फटीतून आत ओढला गेला तर ठीक. तो आपल्या पायांकडे आला तर संडासाची हवा घरात येते आहे. ही परीक्षा एकदा घेऊन भागत नाही. भूगोलाच्या तासाला मुलांकडून खारे वारे आणि मतलई वारे पाठ करून घेतो, ते किनाऱ्यावरच्या घरात प्रत्यक्ष दिसतात. पश्चिमेला खिडकी असलेल्या मुंबईच्या संडासात दुपारी वारा समुद्राकडून आत रेटतो आणि पहाटे तोच उलटा फिरतो. दुपारी वास, पहाटे काही नाही; घरातली माणसे एकमेकांवर संशय घेतात! अशा घरी त्या वेळेपुरती संडासाची खिडकी थोडीच उघडी ठेवून दार घट्ट लावावे, आणि पंखा असेल तर चालू ठेवावा.

आता पंख्याविषयी. चार फूट बाय पाच फूट, उंची नऊ फूट, असा आपला नेहमीचा संडास धरला तर आत १८० घनफूट, म्हणजे सुमारे ५ घनमीटर हवा असते. पेटीवर 'ताशी २०० घनमीटर' लिहिलेला सहा इंची पंखा घेतला तर कागदावर दीड मिनिटात सगळी हवा बदलावयास हवी. मग घरोघरी पंखे घरघर करीत असूनही वास का राहतो? कारण पंखा हवा निर्माण करीत नाही. जेवढी आत येईल तेवढीच तो बाहेर टाकू शकतो. दार फरशीला टेकलेले, खिडकीला काच, अशा खोलीत तो नुसता गरगरतो. सहा इंची पंख्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १७५ चौरस सेंटिमीटर भरते. अडीच फुटी दाराखाली पाऊण इंचाची फट ठेवली तर दीडशेच्या जवळपास होते. एवढी वाट दिली की पुरे. सुताराला अर्ध्या तासाचे काम आहे, किंवा दाराच्या खालच्या अंगाला जाळी बसवून घ्यावी.

उलट प्रकारही पाहावयास मिळतो. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत एक चौकोन काढून पंखा बसवतात आणि उरलेल्या पट्ट्या उघड्या ठेवतात. पंखा शेजारच्या फटीतून बाहेरचीच हवा घेतो आणि बाहेर टाकतो. खोलीतली हवा जिथल्या तिथे. पंख्याभोवतीच्या पट्ट्या बंद हव्यात, पंखा दारासमोरच्या भिंतीत उंचावर हवा, आणि उठून आल्यावर दहा-पंधरा मिनिटे तो चालू राहावा. दिव्याच्या बटणालाच पंखा जोडला की दिवा मालवताच तोही थांबतो, म्हणजे खरी गरज लागते नेमकी तेव्हा.

पुष्कळ संडास थेट उघड्यावर न उघडता डक्टमध्ये उघडतात. डक्ट हा इमारतीचा उभा श्वासमार्ग होय. खालून हवा आत आली तर ती वरून बाहेर जाईल. तळमजल्यावर तो कोणी सामान ठेवण्यासाठी बंद करतो, वर पाऊस येतो म्हणून पत्रा टाकतात, आणि मग सहा मजल्यांचे सहा पंखे आपली हवा एकमेकांच्या घरांत पाठवीत बसतात. पंखा बंद असताना आपोआप मिटणारी झडप त्याला असावी, ती एवढ्यासाठी.

स्वयंपाकघरात आलेल्या चिमणीचा या साऱ्याशी संबंध असेल, असे सहज वाटणार नाही. पण तिच्या पेटीवर ताशी हजार-बाराशे घनमीटरचा आकडा असतो. खिडक्या बंद ठेवून ती लावली की एवढी हवा ती घरातूनच मागते. मग ती दाराच्या फटीतून संडासातली हवा ओढते, आणि जाळीखालचे पाणी उडालेले असेल तर गटारातलीही. फोडणी पडली की संडासाचा वास येतो, अशी तक्रार ऐकली तर हसू नये. चिमणी लावताना स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडावी.

वासावर वासाचा उतारा करण्याची आपली रीत जुनी आहे. डांबराच्या गोळ्या, उदबत्ती, आता सुगंधी फवारे. यांनी वास जात नाही. एकाचे दोन होतात. भांड्याच्या कडेला बसलेले पिवळे किटण खरवडून काढले, तर अमोनियाचा उग्र दर्प मुळातच नाहीसा होतो. मात्र ते काढताना अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरीन वायू निघतो, आणि दार लावलेल्या चार बाय पाचच्या खोलीत तो फुप्फुसांना भाजून काढतो. दोहोंपैकी एकच वापरावे, दार-खिडकी उघडी ठेवून.

इतका वेळ आपण नाकाच्या भरवशावर बोललो. पण जिथे धोका सर्वांत मोठा, तिथे नाक फितूर होते. सडक्या अंड्यासारखा वास ज्याला येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू हवेच्या अब्ज भागांत काही थोडे भाग असला तरी आपल्याला कळतो. आणि दहा लाखांत शंभराच्या आसपास गेला की घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजून सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसे परत येत नाहीत, त्यांना काढावयास गेलेलीही येत नाहीत. माणसाला साधनांवाचून असे उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

घरातला दुसरा वायू तर जन्मतःच बिनवासाचा आहे. संडास आणि न्हाणीघर एकत्र असलेल्या फ्लॅटमध्ये गॅसचा गीझर आतच बसवलेला असतो. थंडी वाजते म्हणून खिडकी बंद, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून फटही बंद. गीझर खोलीतलाच ऑक्सिजन जाळतो, तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि हा वायू रक्ताला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. डोके जड होते, गुडघे लुळे पडतात, आणि कडीपर्यंत हात पोहोचत नाही. इथे "पंखा लावलाय ना" हे उत्तर चालत नाही. हवेला आत येण्याची वाट नसेल, तर तोच पंखा गीझरच्या धुराड्यातून बाहेर जाणारा धूर उलटा आत ओढू शकतो. गीझर गॅलरीत, उघड्या हवेत बसवून आत फक्त पाण्याचा नळ घ्यावा. ते जमत नसेल तर विजेचा घ्यावा. आत कोणी हाकेला ओ देत नसेल तर दार फोडावे, गॅस बंद करावा, माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे, आणि मग १०८ क्रमांकाला फोन करावा.