बाडीतल्या शेडची जमीन

दुर्ग जिल्ह्यातल्या उतईत घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला बाडी म्हणतात. कुदळी-फावडी, पाण्याचा पंप, खताची पोती ठेवायला तिच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड असतेच. आषाढात तिच्या कोब्यावर ओल चढते, पोत्यांची बुडे कुजतात आणि वैशाखात भेगा रुंदावतात. मग भेगांत सिमेंट भरले जाते, वर इंचभर नवा कोबा चढतो. दोन पावसाळ्यांत भेग पुन्हा तिथेच दिसते, कारण दोष कोब्याच्या खाली, मातीत असतो.

दुर्ग जिल्ह्यातला शेतकरी माती नावाने ओळखतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा म्हणजे तांबडी, मुरमाड. कन्हार म्हणजे काळी. कन्हारमध्ये माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते, वाळली की आकसते. भिंतींखालची माती भिंतींच्या ओझ्याने थोडीफार दबून राहते. मधला कोबा हलका, म्हणून तो उचलला जातो आणि बहुधा मधोमध फुटतो.

फोडण्याआधी ओल कुठून येते ते पाहा. जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला पाणी साचले तर ओल जमिनीतून चढते आहे. फक्त वरच ओलसर झाले तर ती हवेतली वाफ आहे. तिला खिडकी पुरेल.

काम हिवाळ्यात काढावे. मे महिन्यात कन्हार सर्वांत आकसलेली असते. तेव्हा घातलेली जमीन पावसाळ्यात हमखास उचलली जाते, शिवाय त्या उन्हात ताजे काँक्रीट वरून तडकते.

जुना कोबा फोडून माती सुमारे दोन फूट खणायची. मात्र भिंतीच्या पायाच्या बुडाखाली कधीच जायचे नाही, आणि भिंतीलगत एका वेळी थोडाच भाग उघडा करायचा. पत्र्याची शेड म्हणून इथे घाई केली की भिंत खचते.

खड्ड्यात काय भरायचे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. नुसती वाळू टाकू नका. तिच्या पोकळ्यांत पाणी साठते आणि खालच्या कन्हारला मिळत राहते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन करून दाखवले की न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबलेला थर खालच्या मातीचे फुगणे आवरतो. पुढे कालव्यांच्या बांधकामात ही पद्धत वापरली गेली. असा गुण आपल्या भाठ्याच्या चांगल्या मुरमात असतो. एकाच शिवारातल्या एका मातीचे दुखणे दुसरीने हलके होते, याचे मला फार समाधान वाटते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकत दीड फूट भरावा. धुमस उसळून परत येऊ लागला की थर बसला.

त्यावर सहा इंच सोलिंग. फोडलेल्या कोब्याचे तुकडे इथेच कामी येतात. फटी मुरमाने भरून वर इंचभर वाळू, म्हणजे प्लॅस्टिकला टोके बोचत नाहीत. मग २५० मायक्रॉनचा अखंड प्लॅस्टिकचा कागद. जोड द्यावा लागला तर फूटभर एकावर एक, आणि कडा भिंतीवर वर वळवलेल्या. भिंतीलगत थर्माकोलची पट्टी लावावी, म्हणजे जमीन भिंतीला न धरता सुटी राहते.

दहा बाय बारा फुटांच्या शेडला चार इंची जमीन म्हणजे ४० घनफूट काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी या प्रमाणाने नऊ-दहा गोण्या लागतात. गोणीमागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. कालवायला सोपे म्हणून ओतलेले जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. सिमेंट स्लॅगचे घ्यावे. भिलाईच्या झोतभट्ट्यांतली मळी, म्हणजे स्लॅग, पाण्याने झटकन थंड केली की वाळूसारखी होते. ती दळून सिमेंटमध्ये मिसळतात. अशा काँक्रीटमधून पाणी कमी झिरपते, पण ते ताकद सावकाश धरते. म्हणून निदान १४ दिवस गोणपाट ओले ठेवावे. दुसऱ्या दिवशी मधोमध इंचभर खोल सांधा कापावा, म्हणजे आकसताना भेग तिथेच सरळ पडते.

नवी जमीन बाहेरच्या मातीपेक्षा सुमारे पाच इंच उंच येते, तेव्हा उंबरठाही उचलावा लागतो. पत्र्याच्या पागोळ्या पडतात तिथे दोन फुटांचा उतार बांधून पाणी बाडीकडे वळवा. काँक्रीटच्या आतली ओल इंचामागे साधारण महिनाभराने सुकते. तोवर चार महिने धानाची पोती फळ्यांवरच ठेवा.