घर कोणी सोडायचं?

पुण्यात निराधार स्त्रियांसाठी घर उघडण्याची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून इथे आलं. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. ही घरं निघाली ती मुख्यतः विधवांसाठी. नवरा धडधाकट आहे आणि रोज मारतो, अशा बाईचा विचार व्हायला पुढचं जवळजवळ शतक गेलं.

तिच्यासाठीचं पुण्याजवळचं ठळक नाव म्हणजे 'माहेर'. १९९१ मध्ये एक गरोदर स्त्री सिस्टर लूसी कुरियन यांच्याकडे आली. नवरा जिवावर उठलाय, मला ठेवून घ्या, म्हणाली. ठेवून घेणं सिस्टरांच्या हातात नव्हतं. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. त्या घटनेनंतर सहा वर्षांनी, २ फेब्रुवारी १९९७ रोजी, सिस्टरांनी वढू बुद्रुक इथे 'माहेर'चं पहिलं घर सुरू केलं. सल्ला, वकील, पोलीस हे सगळं महत्त्वाचंच. पण आजची रात्र कुठे काढायची, हे ठरल्याशिवाय त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

कायद्यालाही हे कळलं आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. पीडित स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केली, की आश्रयगृहाने तिला निवारा द्यायचा असतो. आधी तक्रार नोंदवून या, असं सांगून तिला परत पाठवता येत नाही. तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे नवऱ्याला कळवायचं नाही, असंही नियम सांगतात. १८१ ही महिला हेल्पलाइन. हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठीच्या सरकारी 'सखी' केंद्रात काही दिवसांची तात्पुरती सोय होते.

मात्र या कायद्याचं खरं वेगळेपण कलम १७ आणि १९ मध्ये आहे. मार खाणाऱ्या बाईनेच बोचकं बांधून निघायचं, हा रिवाज तिथे मोडला. राहतं घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिचा. दंडाधिकारी नवऱ्यालाच बाहेर पडायला सांगू शकतात, किंवा तशाच दर्जाचं दुसरं घर द्यायला, नाहीतर त्याचं भाडं भरायला लावू शकतात. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असला, की २००६ च्या एका निकालामुळे सुनेची वाट अडायची. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात त्या निकालाने लावलेला कायद्याचा अर्थ चुकीचा ठरवला. मात्र सासूला किंवा नणंदेला घराबाहेर काढण्याचा आदेश कलम १९ खाली मिळत नाही. आदेश अमलात आणायला पोलीस ठाण्याची मदत घेता येते, आणि तिचं स्त्रीधन परत करायलाही त्याच कलमाखाली सांगता येतं.