पिकण्याआधीचा मोतीबिंदू

तेल्हाऱ्याच्या नेत्रशिबिरात आजीच्या डोळ्यात बॅटरी मारून डॉक्टर म्हणाले, "अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी या." घरी येऊन तिनं जाहीर केलं, "कच्चाच हाय म्हन्ते." जणू झाडावरचं संत्रं! तेव्हापासून हा किडा माझ्या डोक्यात आहे: मोतीबिंदू पिकायला लागतो कधी, आणि ते आधी कळतं कुणाला?

माणसात याला वर्षं लागतात, उंदरात काही आठवडे. म्हणून माग काढत गेलो तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेपर्यंत. जी. भानुप्रकाश रेड्डी आणि सहकाऱ्यांचा 2003चा शोधनिबंध तर मी पारायणासारखा वाचलाय. 21 दिवसांची पिल्लं, खाद्यात 30 टक्के गॅलॅक्टोज. ही साखर भिंगात गेली की तिचं गॅलॅक्टिटॉल होतं. ते बाहेर पडत नाही, उलट पाणी ओढतं आणि भिंगाचे तंतू फुगतात. काही पिल्लांना जोडीला कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा अर्क.

किलोभर खाद्यात 20 मिलिग्रॅम कर्क्युमिन खाणाऱ्यांचा मोतीबिंदू उशिरा आला, उशिराच पिकला. 100 मिलिग्रॅमवाल्यांत सुरुवात किंचित लांबली, पण पुढे तो नुसतं गॅलॅक्टोज खाणाऱ्यांपेक्षाही लवकर पिकला. 2005 साली याच मंडळींनी मधुमेही उंदरांना हळद दिली. साखर उतरली नाही, मोतीबिंदू मात्र लांबला. व्हॉट्सअॅपवर हळदीचं कौतुक फिरतं ते या दुसऱ्या प्रयोगाच्या वळणाचं. 100 मिलिग्रॅमची गोष्ट मला आजवर कुणी पाठवलेली नाही.

हे सगळं पाहिलं स्लिट लॅम्पनं. प्रकाशाची चिंचोळी पट्टी तिरकी पाडली की भिंगाचा उभा छेद दिसतो. पण टप्पा दुसरा की तिसरा, हे ठरवणार शेवटी बघणाऱ्याची नजर, आणि नजरा भांडतात. तिथे कामी आला शाइमफ्लुग नावाचा ऑस्ट्रियन कॅप्टन. आकाशातून काढलेल्या फोटोंचा तिरपेपणा घालवायला त्यानं 1904 साली पेटंट घेतलं. त्याच तत्त्वावर कॅमेरा कलता ठेवला की पुढून मागपर्यंत अख्खं भिंग स्पष्ट येतं आणि धूसरपणा आकड्यात मोजता येतो. लेझरची मंद तिरीप त्याच्याही पुढची. भिंगातली प्रथिनं सुटी असली की चपळ हलतात, गुठळी झाली की मंदावतात. परतणाऱ्या प्रकाशाची थरथर ते सांगते, भिंग वरून लख्ख दिसत असतानाच.

अडचण उंदराची. तो हनुवटी टेकवून बसत नाही, म्हणून त्याला केटामाइन-झायलाझिनची भूल देतात. भुलीत पापणी लवत नाही, डोळा कोरडा पडतो आणि धडधाकट भिंग आपसूक पांढुरकं होतं. नवख्याला वाटतं, सापडला मोतीबिंदू! जाणता माणूस डोळ्यात थेंब घालत राहतो, फोटोची वेळ होईस्तोवर पापण्या मिटून धरतो. आणि तरीही पांढुरकं झालंच, तर काही तास थांबतो. उंदीर जागा होतो, दोनचारदा पापण्या मिटतो, भिंग पुन्हा काचेसारखं.