येऊन राहिला बे, येऊन राहिला!

नागपूरकराला तारखांचं अप्रूप नाही. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली राजीव गांधींच्या हातून बसली आणि कालव्यांची कामं पुढच्या तीन दशकांतही संपली नाहीत. अशा प्रदेशातल्या पोराला रेसिंग गेम चार वर्षं लांबला म्हणून रडू यायला नको. पण येतं. ‘ग्रान तुरिस्मो’चं नाव काढा, धरमपेठेतला शांत स्वभावाचा इंजिनिअरसुद्धा ‘काऊन बे, पुन्हा?’ म्हणत उठून बसतो.

आधी घोषणा, मग मशीन, मग गेम

या मालिकेचा कर्ताधर्ता काझुनोरी यामाउची. पहिला भाग जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आला, त्यालाच पाच वर्षं लागली होती. एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आणि उशीर माफ झाला. तिथंच गडबड झाली असावी. चौथा भाग २००३ मध्ये अपेक्षित होता, तो २००४ च्या अखेरीस आला, तोही ऑनलाइन शर्यती गाळून. मधल्या काळात ‘प्रोलॉग’ नावाचा छोटा नमुना विकला गेला. म्हणजे मुख्य जेवणाआधी पापडाचे वेगळे पैसे!

हातात धरून खेळायच्या पीएसपीवरचा भाग तर कमालच. त्याची घोषणा २००४ च्या मे महिन्यात झाली, तेव्हा पीएसपी स्वतःच बाजारात आलेला नव्हता. गेम आला १ ऑक्टोबर २००९ ला. तोवर पीएसपीच्या दोन सुधारित आवृत्त्या निघाल्या होत्या, आणि तिसरी, पीएसपी गो, गेमच्याच दिवशी बाजारात उतरली.

पाचवा भाग, म्हणजे महाभारत

प्लेस्टेशन ३, म्हणजे पीएस ३, भारतात एप्रिल २००७ मध्ये आला, किंमत ३९,९९० रुपये. त्या काळी एवढ्या पैशात बरी सेकंडहँड बाइक यायची. पुष्कळांनी तो घेतला तो पाचव्या भागाच्या आशेवर. आधी एचडी नावाची फुकट झलक आली, मग डिसेंबर २००७ मध्ये जपानमध्ये पुन्हा एक प्रोलॉग. हा नमुनाच जगभर पन्नास लाखांहून अधिक खपला. पूर्ण गेम नसताना अर्ध्याचा एवढा धंदा झाला, तर पूर्ण करायची घाई कोणाला?

पुढं २००९ मध्ये जपानसाठी मार्च २०१० ची तारीख जाहीर झाली, जानेवारीत ती मागे घेतली. मग अमेरिकेसाठी २ नोव्हेंबर. ऑक्टोबरात तीही गेली. शेवटी २४ नोव्हेंबर २०१० ला डिस्क दुकानात पोहोचली. गंमत अशी की त्याच वर्षी मे महिन्यात, गेम अर्धवट असताना, यामाउची साहेब स्वतः जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत खरीखुरी लेक्सस चालवत होते. पुढच्या वर्षी तर ते आपल्या गटात पहिले आले. पोरं इकडे कॅलेंडर फाडून राहिली, अन् साहेब तिकडे गिअर बदलून राहिले.

गेमवर सहा कोटी डॉलर खर्च झाल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. गाड्या हजारावर. मात्र त्यातल्या सुमारे आठशे जुन्या पिढीतून उचललेल्या, सुरुवातीला आतून डॅशबोर्डसुद्धा न दिसणाऱ्या. उरलेल्या दोनशेंच्या शिलाईपर्यंत सगळं कोरलेलं. माझ्या मते साडेतीनशे गाड्या नीट करून दोन वर्षं आधी दिल्या असत्या तर कोणी मोजायला बसलं नसतं. पण गेम एक कोटीहून जास्त खपला, तेव्हा माझ्या मताला विचारतो कोण!

वेळेवर आला, तरी चुकला

सहावा भाग ठरल्या तारखेला, डिसेंबर २०१३ मध्ये आला. पण पीएस ३ वर. पीएस ४ काही देशांत तीनच आठवडे आधी आलेला होता. त्यात चंद्रावर गाडी चालवता येत होती, पण स्वतःचा ट्रॅक आखायची सोय, जिचं वचन दिलं होतं, ती मिळायला ऑक्टोबर २०१५ उजाडला. चंद्र आधी, रस्ता नंतर.

‘स्पोर्ट’ नावाचा पुढचा भाग नोव्हेंबर २०१६ चा ऑक्टोबर २०१७ ला गेला. सातवा २०२१ चा मार्च २०२२ ला.

आपल्या समृद्धीचं गणित

त्या काळात नागपुरात दुसरी शर्यत चालू होती. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शेलूबाजार टप्पा मे २०२२ च्या सुरुवातीला खुला व्हायचा होता, पण वन्यजीवांसाठीच्या पुलाच्या कामात अपघात झाला आणि मुहूर्त हुकला. नागपूर ते शिर्डी रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, पुढं मुंबईकडचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये. म्हणजे सातव्या भागानं आपल्या रस्त्याच्या पहिल्या टप्प्यालाच नऊ महिन्यांनी हरवलं! अर्थात समृद्धीवर वेगाची मर्यादा १२० आहे, आणि तिथं ‘रीस्टार्ट’चं बटण नाही.

सातव्या भागाची फजिती वेगळीच. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद. हा गेम एकट्यानं खेळायलाही बहुतेक ठिकाणी इंटरनेट लागतं, त्यामुळे विकत घेतलेली गाडी गॅरेजमध्ये कुलूपबंद. भरपाई म्हणून खेळाडूंना दहा लाख खोटे पैसे मिळाले.

इथं माझं रडगाणं नीट सांगतो. उशिराचं मला दुःख नाही, तारखेचं आहे. ‘झाल्यावर देऊ’ म्हणा, आम्ही तर्री-पोह्याच्या गाडीसमोर उभे राहतो तसे उभे राहू. छापील तारीख देऊन सुट्टी टाकायला लावू नका.

ज्यांचं याहून वाईट झालं

‘ड्राइव्हक्लब’ हा दुसरा रेसिंग गेम पीएस ४ सोबत २०१३ मध्ये यायचा होता, आला ऑक्टोबर २०१४ ला, आणि पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले. प्लेस्टेशनच्या वर्गणीदारांना कबूल केलेली फुकट आवृत्ती जून २०१५ मध्ये मिळाली. २०१६ च्या मार्चमध्ये तो करणारा स्टुडिओच बंद करायचं ठरलं. ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’चा ‘सोलर क्राउन’ २०२२ वरून २०२३ वर, तिथून सप्टेंबर २०२४ वर गेला.

भारतातल्या प्लेस्टेशनवाल्यांना वरचा एक हप्ता वेगळाच असतो. पीएस ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, आणि आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली. भावाच्या, मित्राच्या, अमेरिकेतल्या मावशीच्या ओळखी त्या महिन्यांत फार उपयोगी पडल्या.

आणि एकदा उलटंही झालं

२०११ सालचा फॉर्म्युला वनचा अधिकृत गेम सप्टेंबरात बाजारात आला. त्यात ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट होता. खऱ्या सर्किटचं उद्घाटन ऑक्टोबरात झालं आणि पहिली शर्यत ३० ऑक्टोबरला. त्यामुळे नागपुरातल्या एखाद्या पोरानं सेबास्टियन फेटेलच्या आधी तिथं लॅप मारलेला असण्याची पूर्ण शक्यता आहे. फेटेलनं ती शर्यत जिंकली, पुढच्या दोन्हीही जिंकल्या, आणि २०१३ नंतर फॉर्म्युला वन तिथं परतलंच नाही.