धबधबा, हिमनदी आणि काळी वाळू

उत्तर अटलांटिक महासागरात आइसलँड नावाचे एक बेट आहे. आकाराने ते आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे एक तृतीयांश. धबधबे, हिमनद्या आणि काळ्या वाळूचे किनारे या तीन गोष्टींसाठी जगभरचे प्रवासी तिकडे धाव घेतात. त्यांची चित्रे पाहिली की आपला माणूस सुस्कारा टाकून म्हणतो, "आमच्या नांदेड-लातुरात काय आहे? ऊन, धूळ आणि टँकर!" या उद्गाराची थोडी तपासणी करावी, एवढाच आमचा आजचा हेतू आहे. श्रोत्यांनी खुर्चीत बसूनच आमच्याबरोबर एक लहानशी सहल करावी. तिला पारपत्र लागत नाही.

आम्ही भूगर्भशास्त्राचे पदवीधर नव्हे, हे आधी सांगितलेले बरे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि खडी फोडणाऱ्या व विहिरी खोदणाऱ्या माणसांच्या सहवासात झाले. दगडाशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांनाच त्या दगडाची हकीकत कुणी सांगत नाही, हे आम्हाला फार दिवस खुपत आले आहे.

प्रथम दगडाचीच ओळख करून घेऊ. रस्त्यावर पडणारी काळी खडी, जुन्या वाड्यांची जोती, घरातला पाटा-वरवंटा हे सारे बहुधा एकाच पाषाणाचे असते. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हारस बाहेर आला. एका उद्रेकाचा थर थिजावा, त्यावर दुसरा यावा, असे होता होता थरांची एक प्रचंड उतरंड रचली गेली. पश्चिमेला सह्याद्रीत तिची जाडी हजार-दोन हजार मीटरपर्यंत भरते. पूर्वेकडे ती पातळ होत जाते. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे शास्त्रज्ञांनी जमिनीत खोल छिद्र घेतले, तेव्हा हा काळा थर सुमारे ३३८ मीटर जाड निघाला. त्याच्याखाली अतिप्राचीन खडकाचा तळ लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे तर हा जुना ग्रॅनाइटसारखा खडक उघडाच दिसतो. आइसलँड हे बेटही लाव्हारसाचेच आणि मुख्यतः बेसाल्टचेच बनलेले आहे. म्हणजे तिथला दगड आणि आमचा दगड एका जातीचे. फरक वयाचा. तिथे अजून ज्वालामुखी धुमसतात. आमची भट्टी कधीच थंड झाली.

आता सहलीचा पहिला मुक्काम. नांदेडहून मुदखेडमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानक आहे. इस्लापूरच्या परिसरात पैनगंगा नदी खडकाच्या पायरीवरून खाली उडी घेते. नदीच्या एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळ. पावसाळ्यात गढूळ पाण्याचे लोट असे कोसळतात की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. एप्रिलात जावे तर तोच काळा कातळ उघडा पडलेला असतो. धबधबा समजून घ्यायचा असेल तर आमच्या मते दोन्ही वेळा जावे. पावसाळ्यात त्याची ताकद कळते, उन्हाळ्यात त्याची घडण.

ती घडण साधी आहे. लाव्हाचे सगळे थर सारखे टणक नसतात. एखादा थर घट्ट काळा पाषाण, तर त्याच्या खालचा सच्छिद्र. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी त्याची चाळण केलेली असते. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टाही सापडतो. आमचे विहिरी खोदणारे गडी मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण अशी नावे घेऊन हे भेद पुस्तकाशिवाय ओळखतात. वाहते पाणी मऊ थर लवकर खाते, टणक थर सावकाश. मग टणक थराची पायरी उरते, तिच्या पायथ्याचा मऊ भाग पोखरला जातो, वरचा आधार सुटलेला दगड कोसळतो आणि धबधबा तसूतसूने मागे सरकतो. प्रवाहात अडकलेले गोटे भोवऱ्यात गरगर फिरून कातळात कुंडे कोरतात. निघोजजवळ कुकडी नदीत अशा रांजणखळग्यांचे प्रसिद्ध नमुने आहेत. आइसलँडचा स्कोगाफॉस हा धबधबा घ्या किंवा आमचा सहस्रकुंड घ्या, पाण्याचे आणि पाषाणाचे हे भांडण दोन्हीकडे एकाच नियमाने चालते.

दुसरा मुक्काम हिमनदीचा. येथे श्रोते हसतील, याची आम्हाला कल्पना आहे. मे महिन्यात ज्या प्रदेशात पत्र्यावर पापड भाजावेत असे ऊन, तिथे हिमनदी कसली? पण पैनगंगेचा काठ सोडू नका. सहस्रकुंडाच्या पुढे ती पूर्वेकडे वाहत जाते, बेसाल्टचा प्रदेश मागे टाकते आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीवर वर्धा नदीला मिळते. त्या संगमाच्या परिसरात इरई नावाचे गाव आहे. चंद्रपूरजवळ इरई नावाची नदी आणि धरणही आहे. त्याच्याशी घोटाळा करू नये. या गावाजवळ भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील फेडन या शास्त्रज्ञाला एक विलक्षण गोष्ट आढळली आणि १८७५ साली त्याने ती प्रसिद्ध केली. नदीकाठचा जुना चुनखडक गुळगुळीत घासलेला होता आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे व खोबणी होत्या. वर मातीत खुपसल्यासारखे लहानमोठे धोंडे होते.

हे काम पाण्याचे नव्हे. नदी चाळणीसारखी असते. ती आधी मोठा धोंडा टाकते, मग वाळू आणि शेवटी गाळ. बर्फ असे काही निवडत नाही. वर्षानुवर्षे साचलेला हिम दाबाने घट्ट बर्फ होतो आणि स्वतःच्या भाराने उताराकडे सरकू लागतो, तीच हिमनदी. वाटेत सापडेल तो धोंडा, खडा, माती सारे पोटात घेऊन ती निघते. तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर कानशीसारखे घासत जातात. पुढे बर्फ वितळला की ती सारी मिसळ एकाच जागी राहते. त्याआधी १८५६ साली ओरिसातील तालचेर येथेही अशाच धोंड्यांच्या थराचा अर्थ शास्त्रज्ञांनी बर्फाशी जोडला होता.

हा बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांचा एकच भूखंड होता आणि आपला भाग दक्षिण ध्रुवापासून फार दूर नव्हता. त्या भूखंडाला जगाने गोंडवन हे नाव दिले. ते आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या मुलखावरून घेतले आहे. किनवट-माहूरच्या डोंगरात राहणाऱ्या गोंड बांधवांच्या नावाने जगाचा एक प्राचीन खंड ओळखला जातो, ही गोष्ट आमच्या किती मुलांना शाळेत सांगितली जाते? पुढे १९१२ मध्ये वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंड सरकतात असा सिद्धांत मांडला, तेव्हा निरनिराळ्या खंडांवरील या जुन्या बर्फाच्या खुणा त्याच्या पुराव्यांपैकी एक ठरल्या. बर्फ हटल्यावर त्या दलदलीच्या भूमीवर अरण्ये वाढली, गाडली गेली आणि तिचा दगडी कोळसा झाला. वणी, बल्लारपूरच्या खाणीतला कामगार जो कोळसा काढतो, तो त्या हिमयुगानंतरच्या अरण्याचा. लाव्हा आला तो त्यानंतर वीस-पंचवीस कोटी वर्षांनी.

तिसरा मुक्काम काळ्या वाळूचा. त्यासाठी घाट उतरून रत्नागिरीला जावे लागेल. तेथे मांडवीच्या किनाऱ्याला लोक 'काळा समुद्र' म्हणतात आणि पलीकडच्याला 'पांढरा समुद्र'. पाणी एकच, रंग वाळूचा. सह्याद्रीचा बेसाल्ट झिजून नद्यांवाटे समुद्रात जातो. लाटा हलके कण वाहून नेतात, जड काळे कण मागे ठेवतात. त्यांत इल्मेनाइट नावाचे लोह आणि टायटॅनियम यांचे खनिज असते. याच काळ्या खनिजापासून शुभ्र पांढऱ्या रंगासाठी लागणारी भुकटी तयार होते. आइसलँडच्या रेनिसफ्यारा या किनाऱ्याची वाळूही अशीच काळ्या लाव्हाच्या भुग्याची आहे.

परंतु काळ्या वाळूसाठी इतक्या दूर जाण्याचीही खरे तर गरज नाही. आमच्या रानातली काळी कसदार माती म्हणजे तोच बेसाल्ट. समुद्राच्या लाटांऐवजी ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि जिवाणू यांनी तो कोट्यवधी दिवस दळला आहे. वाळूपेक्षा कितीतरी बारीक दळण झाले, म्हणून ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन यांचे पोषण तिच्यावर होते. समुद्र नसला तरी हा आमचा काळा किनारा जिल्हाभर पसरलेला आहे.

येथवर गंमत झाली. आता या सहलीतून निघणारा हिशेब मांडू, कारण कामगार संघटकाला हिशेबाशिवाय उठता येत नाही. आइसलँडमध्ये आणि आमच्यात दगड एक, धबधबे दोन्हीकडे, काळी रेतीमातीही दोन्हीकडे. मग फरक कशात? फरक बर्फात. आमची हिमनदी ३० कोटी वर्षांपूर्वी विरली. त्यांची अजून आहे. आइसलँडची सुमारे एक दशांश भूमी बर्फाखाली आहे. त्यांतली व्हातनायोकुल ही एकच हिमचादर आमच्या लातूर जिल्ह्याहून थोडी मोठी भरते. आपल्या देशात हिमालयाची गोष्ट तशीच. गंगेतले बहुतेक पाणी पावसाचेच असते, हे खरे. पण उन्हाळ्यात तिला बर्फाच्या पाण्याचा आधार मिळतो.

कामगारांच्या भाषेत सांगायचे तर हिमनदी म्हणजे पाण्याचा भविष्यनिर्वाह निधी. थंडीत जमा होतो, उन्हाळ्यात थोडाथोडा मिळतो. गोदावरी, मांजरा, पैनगंगा, मन्याड या आमच्या नद्यांना असा निधी नाही. त्या रोजंदारीवर जगणाऱ्या नद्या आहेत. जून ते सप्टेंबर काम मिळाले तर मिळाले. पुढचे आठ महिने त्यावर काढायचे. पाऊस दोन वर्षे चुकला की काय होते, हे लातूरकरांना २०१६ मध्ये कळले. त्या एप्रिलात मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लक्ष लिटर पाणी होते. पाणी रेल्वेने येते हे देशाने कौतुकाने पाहिले. टँकरपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, ते मात्र कोणी मोजले नाही.

निधी नाही, पण घरात एक डबा असतो. आमचा डबा म्हणजे हाच बेसाल्ट. तो पाणी सर्वत्र धरत नाही. वरचा मुरूम, सच्छिद्र थर आणि कातळातल्या भेगा एवढ्यांतच साठवतो. म्हणून एका बांधावर विहिरीला पाणी आणि शेजारच्या बांधावर ठणठणाट, असे आमच्याकडे घडते. वरचा साठा संपला की विंधनविहीर खोल नेण्याची चढाओढ लागते. खोलवर भेगा कमी, पाणी कमी आणि ते भरून यायला काळ फार लागतो. ज्याच्याजवळ पैसा, त्याची नळी खोल. आणि त्याच्या शेजाऱ्याचा उथळ आड कोरडा. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरहून खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रांत बंधन घालण्याची तरतूद झाली, ती याचसाठी. दगड सर्वांचा असेल तर त्याच्या भेगांतले पाणी एकट्याचे कसे, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा तसाच न्यायाचाही आहे.

दगडाचे अज्ञान कसे महाग पडते, याचा दुसरा धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दिला. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती थंडाव्यासाठी चांगल्या होत्या, पण हादऱ्यात दगड दगडाला धरून राहिला नाही. हजारो माणसे झोपेतच गेली. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड आणि कोपरे बांधून घेणारी पट्टी यांचे महत्त्व गवंड्यांना नंतर शिकवले गेले. ते ज्ञान आधीही जगात होते. आमच्या गवंड्यापर्यंत ते पोहोचले नव्हते.

आणि ज्यांचा निधी मोठा, त्यांनीही निर्धास्त राहू नये. आइसलँडमधील ओकयोकुल ही हिमनदी इतकी आटली की २०१४ मध्ये तिला हिमनदी म्हणता येणार नाही असे ठरले, आणि २०१९ मध्ये तिथे स्मरणफलक बसवला गेला. जग तापते आहे तसा हा निधी सर्वत्र मोडला जात आहे. रोजंदारीवर जगण्याची विद्या आमच्या वाडवडिलांनी बारवा, आड आणि तळी बांधून शिकून ठेवली होती. उद्या ती इतरांनाही लागेल.

म्हणून श्रोत्यांपुढे आमची विनंती दोन गोष्टींची आहे. एक, आपापल्या गल्लीतल्या नि गावातल्या जुन्या आडांची यादी करावी, आणि दरवर्षी दिवाळीला व होळीला त्यांत पाणी किती हात खोल आहे ते वहीत टिपावे. चार वर्षांची अशी वही हातात असली की अधिकाऱ्याशी बोलताना आवाज आपोआप चढतो. दुसरी गोष्ट सहलीची. १९४८ च्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या माणसाला भरपगारी रजेचा हक्क मिळाला. खडी फोडणाऱ्याला आणि वीटभट्टीवरच्या बाईला आजही सुट्टी म्हणजे खाडा. त्यांच्यासाठी श्रावणातल्या एका रविवारी सहस्रकुंडाची सहल काढावी. खाड्याची भरपाई वर्गणीतून करावी, पाण्याच्या पात्रात कोणी उतरू नये याची दक्षता घ्यावी, आणि थर कसे ओळखावे ते विहिरी खोदणाऱ्या गड्यांनीच सर्वांना सांगावे. नावे नोंदवून घेण्याचे काम आम्ही आनंदाने करू.